गावातल्या वेडीला प्रश्न विचारणारी पोर

गाणं सुरू होतं तेव्हा एकही वाद्य वाजत नसतं. नुसते माणसांचे आवाज, रविवारी चर्चमध्ये सगळे मिळून गातात तसे, आणि त्यांच्या पुढे एक जाडसर, तळाशी जरा खरखर असलेला गळा. तो डॉन नावाच्या कुणा बाईला भर रस्त्यात विचारतोय की डॉन, हे फूल कसलं लावलंयस? जुन्या दिवसांतला कोमेजलेला गुलाब तर नव्हे? ध्रुवपद असं उघड्यावर म्हणून झाल्यावर मग कुठे वाद्यं येतात आणि गोष्ट सुरू होते. ब्राउन्सव्हिल नावाचं गाव. तिथली एक ४१ वर्षांची बाई. बाप अजून तिला बाळ म्हणूनच हाक मारतो. गावाच्या मते ती वेडी, कारण सूटकेस घेऊन ती बाजारपेठेत फिरते आणि काळ्या केसांच्या कुणा माणसाला शोधत असते. तरुणपणी तिच्यासारखी देखणी दुसरी नव्हती. कुणीतरी ऐरागैरा आला, लग्नाचं वचन देऊन गेला. संपली गोष्ट. दोन कडवी, बाकी सगळं ध्रुवपदच.

गाण्याचं नाव 'डेल्टा डॉन'. १९७२ मध्ये टान्या टकरच्या आवाजात ते अमेरिकेच्या कंट्री, म्हणजे तिकडच्या ग्रामीण वळणाच्या गाण्यांच्या, रेडिओवर वाजायला लागलं, तेव्हा टान्याचं वय होतं १३.

मला गाणं आधी भेटलं, तिचं वय नंतर कळलं. आणि वय कळल्यावर माझ्या मनात तेच आलं जे सगळ्यांच्या येतं: एवढ्याशा पोरीला केवढी ही समज! तिच्याबद्दल लिहिणारे पन्नास वर्षं हेच लिहितायत. वयाच्या पुढची जाण, लहान कुडीत म्हातारा जीव, वगैरे. पण मी जितक्या वेळा ऐकत गेले तितकं मला हे कौतुक पटेनासं झालं. त्या रेकॉर्डवर मला समज ऐकूच येत नाही. दुसरंच काहीतरी ऐकू येतं, आणि ते समजेपेक्षा दुर्मिळ आहे असं माझं मत आहे. त्याकडे येतेच, पण आधी ही पोर तिथवर पोचली कशी ते सांगायला हवं, कारण तो भाग मजेशीर आहे.

टान्याचा जन्म १० ऑक्टोबर १९५८ चा, टेक्सासमधल्या सेमिनोलचा. बाप, बो टकर, बांधकामावर काम करणारा. काम जिकडे, बिऱ्हाड तिकडे. लहानपण बरंचसं ॲरिझोनातल्या विलकॉक्समध्ये गेलं. मोठी बहीण ला कोस्टा हीदेखील गाणारी. पण बापाने हेरलं ते धाकटीला, आणि एकदा हेरल्यावर मागे वळून पाहिलं नाही. कुटुंब पुढे युटाहला गेलं, तिथे 'जेरेमाया जॉन्सन' या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं, तर त्यात पोरीला छोटंसं काम मिळवून दिलं. मग मुक्काम नेव्हाडात, लास व्हेगासजवळच्या हेंडरसनला. तिथे एक नमुन्याची टेप तयार झाली. एल्व्हिसच्या सिनेमांसाठी गाणी लिहिलेल्या डोलोरेस फुलरमार्फत ही टेप नॅशव्हिलला, कंट्री गाण्यांच्या राजधानीत, बिली शेरिल या निर्मात्याच्या हातात पडली.

शेरिल म्हणजे त्या काळातलं मोठं प्रस्थ. गायिका टॅमी वायनेटबरोबर बसून त्याने १९६८ मध्ये 'स्टँड बाय युअर मॅन' लिहिलं होतं. कंट्री गाण्याला व्हायोलिनांचा ताफा आणि कोरसची गादी लावून शहरी दिवाणखान्यात नेऊन बसवणारा माणूस. त्याने या पोरीसाठी गाणं निवडलं ते तिच्या वयाला साजेसं: 'द हॅपिएस्ट गर्ल इन द होल यू.एस.ए.' सगळ्या देशात सगळ्यात सुखी मुलगी. सकाळ झाली, ऊन पडलं, सगळं छान छान.

टान्या नाही म्हणाली.

इथे मी दर वेळी थांबते. १३ वर्षांची मुलगी, पाठीमागे गावोगाव फिरलेलं कुटुंब, समोर नॅशव्हिलचा सगळ्यात वजनदार निर्माता, आणि पोर म्हणते हे गाणं मला नको. व्यवहार बघितला तर तिचं चुकलंच. ते गाणं डॉना फार्गोने स्वतःच लिहिलेलं होतं, तिच्याच आवाजात ते त्याच वर्षी कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. टान्याचं 'डेल्टा डॉन' सहाव्या क्रमांकाच्या वर चढलं नाही. पण आज 'हॅपिएस्ट गर्ल' कोण गुणगुणतं?

'डेल्टा डॉन' शेरिलला सापडलं ते टीव्हीवर. जॉनी कार्सनच्या 'टुनाइट शो'मध्ये गायिका बेट मिडलरने ते म्हटलं आणि हा खुर्चीतून उठलाच. आधी त्याला मिडलरच हवी होती. तिचा करार दुसऱ्या कंपनीशी झालेला. मग गाणं तरी घेऊ म्हणून त्याने ते उचललं, आणि टेपवरल्या त्या पोरीला दिलं. म्हणजे बाईने गायलेलं बाईचं गाणं, बाई मिळाली नाही म्हणून, मुलीकडे आलं. पुढे जे झालं त्याचं श्रेय शेरिलच्या कानाला द्यायचं की त्याच्या नाइलाजाला, हे ज्याने त्याने ठरवावं.

आता गाणं लिहिणाऱ्यांकडे. ॲलेक्स हार्वी आणि लॅरी कॉलिन्स. (याच नावाचा एक स्कॉटिश रॉक गायक होता, हा हार्वी वेगळा, टेनेसीचा.) ब्राउन्सव्हिल हे त्याचंच गाव. टेक्सासमध्ये सीमेवर याच नावाचं मोठं शहर आहे आणि पुष्कळ लोक गाणं तिथलं समजतात. पण हे ब्राउन्सव्हिल पश्चिम टेनेसीतलं, कापसाच्या रानांमधलं. गायिका टीना टर्नरचं गाव नटबुश याच हेवूड काउंटीत येतं. एवढ्याशा पट्ट्यातून किती आवाज निघाले याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

हार्वीने या गाण्यामागची गोष्ट पुढे अनेकदा सांगितली. त्याची आई मिसिसिपी डेल्टा म्हणतात त्या नदीकाठच्या भागातून आलेली. मनाने कधी पुरती मोठी न झालेली, कुठेच रुजलेली नाही, आयुष्यभर सूटकेस हातातच असल्यासारखी वावरलेली बाई. दारू प्यायची. हार्वी पंधरा वर्षांचा असताना त्याचा बँड टीव्हीवर वाजणार होता. आई पिऊन येईल आणि आपली शोभा होईल या भीतीने त्याने तिला सांगितलं, तू येऊ नकोस. त्याच रात्री तिची गाडी झाडावर आदळली आणि ती गेली. हे आपल्यामुळे झालं असं धरून तो पुढे बरीच वर्षं जगला. मग एका रात्री लॅरी कॉलिन्सच्या घरी, बाकी सगळे झोपल्यावर, गिटार घेऊन बसलेला असताना त्याला आई खोलीत दिसली. झुलत्या खुर्चीत, हसत. तिथे हे गाणं आलं. १९७१ मध्ये ते त्याने स्वतःच्या अल्बममध्ये गायलं.

ही गोष्ट खरी मानायची की नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. मला त्यात पंधरा हा आकडा दिसतो. आईला "येऊ नकोस" म्हणणारा मुलगा पंधरा वर्षांचा होता. आणि त्याच्याबरोबर बसून गाणं पुरं करणारा लॅरी कॉलिन्स? तो तर स्वतः बालकलाकार. पन्नासच्या दशकात तो आणि त्याची बहीण लॉरी 'कॉलिन्स किड्स' म्हणून गाजलेले. कॅलिफोर्नियातल्या 'टाउन हॉल पार्टी' या टीव्ही कार्यक्रमात दहा-अकरा वर्षांचा लॅरी दुहेरी दांडीची गिटार गळ्यात अडकवून उड्या मारायचा. त्याच्या जुन्या चित्रफिती सापडतात, जरूर बघा. गिटार मोठी की पोरगा मोठा कळत नाही. म्हणजे या ४१ वर्षांच्या बाईचं गाणं जन्माला आलं तेच दोन माणसांच्या लहानपणांमधून. एकाचं आईपाशी अडकलेलं, दुसऱ्याचं स्टेजवर खर्ची पडलेलं.

तर आता माझा मुद्दा. गाण्यात प्रश्न विचारला जातो: हे कसलं फूल लावलंयस? तो तुला आज इथेच भेटणार म्हणालीस ना? असे प्रश्न कोण विचारतं?

आमच्या गावच्या एसटी स्टँडवर एक बाई बसायची. नीट धुतलेलं लुगडं, कुंकू, शेजारी एक पिशवी, तोंड दोरीने बांधलेलं. रोज यायची, कुठल्याच गाडीत चढायची नाही. मोठी माणसं तिच्या अंगावरून जाताना आवाज खाली करायची. "बिचारी," म्हणायची, किंवा काहीच म्हणायची नाही. तिच्याशी बोलायची ती फक्त शाळेतून सुटलेली पोरं. "आजी, कुठे निघालात? पिशवीत काय आहे? गाडी गेली की तुमची!" चिडवणंही असायचं त्यात, नाही असं नाही. पण निम्मं खरंच कुतूहल असायचं. आणि ती उत्तरं द्यायची! पुण्याची गाडी यायचीय, मालक आणायला येणार आहेत, सगळं सांगायची. कुणा मोठ्या माणसाने विचारलंच नव्हतं तिला, तर सांगणार कोणाला?

'डेल्टा डॉन'चं ध्रुवपद हा त्या पोरांचा प्रश्न आहे. गावाला तिच्याबद्दल सगळं ठाऊक आहे, म्हणून गाव विचारत नाही. ज्याला ठाऊक नाही तोच तिच्यासमोर उभा राहून फुलाबद्दल विचारू शकतो. टान्याच्या आवाजात कीव नाही. नीट ऐका, कुठेही गळा भरून येत नाही, कुठेही ओळ लाडावून, रेंगाळवून म्हटलेली नाही. ती सरळ विचारते, जरा मोठ्याने, जरा हट्टाने. सुरुवातीला नुसत्या गळ्यांचा जो कोरस येतो तो मला गाव वाटतो, रविवारी नटूनथटून देवळात जमलेलं गाव. त्या काळ्या केसांच्या माणसाने डॉनला आकाशातल्या वाड्यात न्यायचं कबूल केलंय, ही ध्रुवपदातली शेवटची ओळ तर सरळ दक्षिणेतल्या चर्चच्या भजनांच्या भाषेतली. मग तो माणूस पळालेला प्रियकर, की देव, की मरण? कोरस ते गातो आणि अर्थाची चौकशी करत नाही. चौकशी करते ती पुढे उभी राहिलेली पोर. शेरिलसारखा व्हायोलिनवाला माणूस इथे सुरुवातीला सगळी वाद्यं गप्प ठेवतो, याबद्दल त्याला सगळं माफ.

याच कारणासाठी बाकीच्यांची 'डेल्टा डॉन' मला वेगळीच गाणी वाटतात. बेट मिडलर त्यातली शोकांतिका रंगवते. ती उत्तम नटी आहे, आणि ती डॉनला बघत नाही, डॉन होते. ऑस्ट्रेलियातून आलेल्या हेलन रेड्डीने १९७३ च्या सप्टेंबरमध्ये हे गाणं पॉपच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं, जिथे टान्या ७२ च्या वर गेली नव्हती. रेड्डीच्या गाण्याचा वाद्यमेळ मुळात बार्बरा स्ट्रायसँडसाठी तयार केलेला होता, तिने नकार दिला म्हणून तो रेड्डीला मिळाला. मिडलरची रेकॉर्डही त्याच सुमाराला यायची होती. रेड्डीची दोन दिवस आधी बाजारात आली आणि मिडलरला दुसरं गाणं पुढे करावं लागलं. या गाण्याच्या नशिबी नकार आणि हुकलेल्या गाड्या फार. रेड्डीचं गाणं टाळ्या वाजवायला लावतं, ध्रुवपद चढत चढत जातं, सगळा हॉल गाऊ लागतो. छान आहे. पण एवढे लोक एकत्र गाऊ लागले की त्या बाईला प्रश्न कळणार कसा?

शेरिलला आपल्या हाताला काय लागलंय ते कळलं असावं, निदान सुरुवातीला. त्याने टान्याला पुढे दिलेली गाणी बघा. १९७३ चं 'व्हॉट्स युअर मामाज नेम': एक परका माणूस हिरव्या डोळ्यांच्या लहान मुलीला विचारतो, तुझ्या आईचं नाव काय? गाव त्याला तुरुंगात धाडतं. तो मेल्यावर खिशात चिठ्ठी सापडते आणि कळतं की तो स्वतःच्या लेकीला शोधत होता. त्याच वर्षीचं 'ब्लड रेड अँड गोइंग डाउन': बाप पळून गेलेल्या बायकोला शोधत निघालाय, लहान मुलीला बरोबर घेऊन, आणि शेवटी जे रक्त सांडतं ते ती मुलगी बघते. दोन्ही गाणी पहिल्या क्रमांकावर गेली. दोन्ही भयंकर आहेत, आणि दोन्हींत एक लहान मूल कडेला उभं राहून मोठ्यांचे व्यवहार बघतंय. तिथे टान्याचा आवाज चपखल बसतो.

बिनसलं ते नंतर. १९७४ मध्ये डेव्हिड ॲलन को या गीतकाराचं 'वुड यू ले विथ मी' आलं. कोने ते आपल्या भावाच्या लग्नासाठी लिहिलं होतं, वचनं मागणारं, शय्येचीही भाषा असलेलं. ते गायला लावलं पंधरा वर्षांच्या मुलीला. काहींनी नाकं मुरडली, गाणं मात्र पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच वर्षी 'रोलिंग स्टोन'च्या मुखपृष्ठावर ती झळकली, मी टान्या, मी पंधरा वर्षांची, अशा थाटाच्या मथळ्यासह. वय आता विकायची गोष्ट झाली होती. कडेला उभं राहून बघणाऱ्या मुलीला ओढून मधोमध आणलं गेलं, आणि मग सगळे म्हणू लागले, बघा किती मोठ्यासारखं गाते! मला त्या कौतुकाचा राग येतो तो इथे. पोरगी मोठ्यासारखी गात नव्हती, म्हणून तर ते गाणं तसं झालं होतं.

पुढची वर्षं मी भराभर सांगते, कारण ती इतरांनी चवीने सांगितली आहेत. कंपनी बदलली, रॉककडे वळून झालं, गायक ग्लेन कॅम्पबेलबरोबरचं वादळी प्रकरण वर्तमानपत्रांनी पुरवून पुरवून छापलं, दारू आणि कोकेन झालं, १९८८ मध्ये बेटी फोर्ड सेंटरमध्ये उपचार झाले. १९९१ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने तिला वर्षातली सर्वोत्तम गायिका ठरवलं. नव्वदचं दशक सरल्यावर मग बरीच वर्षं फारसं काही नाही. या सगळ्यात कार्यक्रमांत 'डेल्टा डॉन' गाणं सुटलं नाही. १९९९ च्या ऑक्टोबरात ती ४१ ची झाली. त्या दिवशी तिच्या डोक्यात काय आलं असेल?

२०१९ मध्ये ब्रँडी कार्लाइल आणि शूटर जेनिंग्ज या दोन तरुण गायकांनी तिला पुन्हा स्टुडिओत नेलं. 'व्हाइल आय'म लिव्हिन'' हा अल्बम आला. त्यातलं 'ब्रिंग माय फ्लॉवर्स नाऊ' ती मनात कित्येक वर्षं अर्धवट घेऊन फिरत होती. कार्लाइलने मागे लागून ते पुरं करून घेतलं. फुलं आणायची तर आत्ता आणा, मी जिवंत असताना, एवढंच त्याचं म्हणणं. १९७३ पासून ग्रॅमीच्या नामांकनांत नाव असलेल्या या बाईला २०२० मध्ये पहिल्यांदा ग्रॅमी मिळालं, एकदम दोन. वय ६१. २०२३ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये तिची वर्णी लागली. ॲलेक्स हार्वी तोवर राहिला नव्हता, तो २०२० मध्येच गेला.

२०१९ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसच्या ट्रुबाडूर या क्लबमध्ये तिचा कार्यक्रम झाला, त्याचं ध्वनिमुद्रण निघालेलं आहे. त्यात 'डेल्टा डॉन' आहे. गळा आता पार वाळूसारखा झालाय, आणि गाणारी डॉनपेक्षा वीस वर्षांनी मोठी. फुलाबद्दलचा प्रश्न तोच. पण विचारणारीला उत्तर माहीत आहे. माझ्या नवऱ्याचं मत की हेच खरं 'डेल्टा डॉन', बाईच्या तोंडी बाईचं दुःख, आणि तेरा वर्षांच्या पोरीचं जे काय मी सांगते तो सगळा माझा कल्पनाविलास. मी ४१ मागे टाकून काही वर्षं झाली, तेव्हा खरं तर मला हेच जास्त भिडायला हवं, असंही तो वर ऐकवतो. मला नाही भिडत. त्या गाण्यात सहानुभूती फार आहे, आणि माझा अनुभव असा की सहानुभूती दाखवणारे लोक फारसं काही विचारत नाहीत. यावर आमचं एकमत होण्यातलं नाही. लांबच्या प्रवासात ज्याचा फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला, त्याची टान्या.